मदत हवी आहे: फ्रीझरमधल्या आईच्या दुधाला साबणासारखा वास

बाळ ६ महिन्यांचं. अंगावर व्यवस्थित पितं, ताजं काढलेलं दूध बाटलीनेही घेतं. फ्रीझरमधलं दिलं की मात्र तोंड फिरवतं. वितळलेल्या दुधाला साबणासारखा वास येतो. आंबट नाही, त्यामुळे नासलेलं वाटत नाही.

साठवण नेहमीचीच: काढल्यावर ४ तासांच्या आत फ्रिजमध्ये, मग ६० मिलीच्या पिशव्या आडव्या ठेवून गोठवायच्या, फ्रिजमध्येच वितळवून २४ तासांत संपवायच्या. संशय लायपेजवर आहे. हे विकर दुधातली चरबी फोडतं आणि गोठवल्यावरही पुरतं थांबत नाही. गोठवण्याआधी कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंत दूध तापवून (उकळी नाहीच) लगेच बर्फाच्या पाण्यात गार करणं हा उपाय, पण त्यात काही संरक्षक घटक कमी होतात, म्हणून सरसकट तापवावंसं वाटत नाही. एकदा वास आला की तापवूनही जात नाही, ते वेगळंच.

तर अनुभवी मंडळींनो, जुना साठा ताज्या दुधात मिसळून दिल्यावर बाळं घेतात का? प्रमाण किती ठेवता? आणि काढल्यापासून किती तासांनी वास येतो हे आधी तपासून, तेवढ्यापुरतंच न तापवता वापरणारं कुणी आहे का? भरलेल्या पिशव्या ओतून टाकायला जीव होत नाही हो.