क्रीडा प्रबोधिनीची निवड चाचणी: सहावीतल्या मुलीची तयारी कशी करावी?

माणदेशी_पालक

नमस्कार मंडळी. मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीला आहे, ११ वर्षं पूर्ण. वर्गात सगळ्यांत उंच. पळण्यात तालुक्याला पहिली, जिल्ह्याला चौथी, त्यापुढं गेलेली नाही. म्हणजे राज्यस्तराचं प्रमाणपत्र हातात नाही. गावात ट्रॅक नाही, शाळेचं मुरमाड मैदान तेवढं आहे. राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत निवासी प्रवेशासाठी प्रयत्न करायचाय. चाचणीत नेमकं काय काय घेतात? दोन महिन्यांत गावातल्या गावात काय तयारी होईल? अर्जात खेळ कुठला लिहायचा? कागद कोणते लागतात? आणि एक अकादमीवाले म्हणतात, "पाच हजार भरा, नॅशनल खेळवतो, सर्टिफिकेटवर थेट प्रवेश." यात तथ्य आहे का?

शिट्टी_मास्तर

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: पाच हजार खिशातच ठेवा. का, ते खाली कुणीतरी सांगेलच. मी मैदानापुरतं बोलतो.

प्रवेशाच्या वाटा दोन. राज्य-राष्ट्रीय स्पर्धा खेळलेल्यांना सरळ प्रवेश, आणि बाकीच्यांना चाचणी. चाचणी जिल्हा, विभाग, राज्य अशी गाळत गाळत वर जाते. तुमच्या लेकीची वाट चाचणीची. पण जाहिरातीतल्या अटी दरवर्षी थोड्याफार बदलतात. काही वर्षी खेळनिहाय कौशल्य चाचणीलासुद्धा राज्यस्तरीय सहभाग मागितलाय. त्यामुळं आधी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन यंदाची जाहिरात स्वतः वाचा. मुदत फार थोडी असते, आणि शाळेपर्यंत पत्र पोचेस्तोवर ती संपलेली असते.

चाचणीचा जुना, रुळलेला संच नऊ गोष्टींचा: उंची, वजन, ३० मीटर धावणे, ६ × १० मीटर शटल रन, उभ्याने लांब उडी, उभ्याने उंच उडी, १ किलोचा मेडिसिन बॉल (व्यायामाचा जड चेंडू) फेकणे, लवचिकता आणि ८०० मीटर धावणे. वयानुसार आणि मुलगा-मुलगी यानुसार तक्ते वेगळे असतात, गुण त्याप्रमाणे पडतात. उंची-वजनाला तयारी नाही. वजन उतरवायला पोराला उपाशी ठेवणारे पालक असतात, ते पोर नंतर ८०० मीटरला आडवं होतं.

३० मीटर हे फ्लाइंग स्टार्टनं घेतात. म्हणजे मूल रेषेच्या काही मीटर मागून पळत येतं आणि रेषा ओलांडली की घड्याळ चालू होतं. इथं दोन चुका ठरलेल्या. सुरुवातीची रेषा दिसली की पाय आखडतात, आणि शेवटच्या रेषेवर थांबायचं म्हणून दोन-तीन पावलं आधीच ब्रेक लागतो. सरावात शेवटच्या रेषेपलीकडं ५ मीटरवर एक दगड ठेवा आणि "दगडापर्यंत पळ" म्हणून सांगा. रेषेचं नावच काढू नका.

शटल रन म्हणजे १० मीटर अंतरावरच्या दोन रेषांमध्ये सहा फेऱ्या, एकूण ६० मीटर आणि पाच वळणं. वेळ जातो तो वळणात. मुलं गोल फिरतात, किंवा रेषेला पाय पोचायच्या आत वळतात, मग फेरी बाद. शेवटची दोन पावलं आखूड, कंबर खाली, रेषेवर पाय आडवा टाकायचा आणि त्याच पायानं ढकलून निघायचं. एकदा डाव्या, एकदा उजव्या पायावर वळायला शिकवा, नाहीतर चौथ्या वळणापर्यंत एकच मांडी भरून येते. मुरमावर घसरायची भीती असते, तेवढा भाग झाडून घ्या.

लांब उडीत दोन्ही पाय रेषेमागं, एकदमच उचलायचे, आधी पाऊल टाकायचं नाही. माप रेषेपासून शरीराचा जो भाग सगळ्यांत मागं टेकला तिथपर्यंत. उडी चांगली पडते आणि मग तोल मागं जाऊन हात टेकतो, की गेले वीस-तीस सेंटिमीटर. उतरताना गुडघे वाकवून हात पुढं फेकायची सवय लावा.

उंच उडी भिंतीशी. बोटाला खडू लावून आधी उभ्यानं खूण, मग उडी मारून खूण, दोन्हींतला फरक मोजतात. उभ्यानं खूण करताना खांदा चोरला तर फरक वाढतो हे मुलांना कुणीतरी शिकवतंच. मोजणारेही ते ओळखून असतात, हात वर ओढून घेतात. त्यापेक्षा हाताचा झोका आणि उडी यांची वेळ जुळवा.

मेडिसिन बॉल दोन्ही हातांनी फेकायचा. बसून की उभं राहून, ते त्या केंद्रावर आधी विचारून घ्या, सांगितलेली पद्धत मोडली की फेक धरत नाहीत. बॉल नसेल तर जुन्या फुटबॉलमध्ये वाळू भरा आणि किराणा दुकानात जोखून बरोबर १ किलो करा. सगळी मुलं बॉल समोर आपटल्यासारखा फेकतात. डोक्यावरून, जरा वर, बांबूवर बांधलेल्या दोरीच्या वरून जाईल असा फेकायला लावा.

लवचिकतेला बाकावर उभं राहून पुढं वाकायचं, बोटं पावलांच्या खाली किती जातात ते मोजतात. परीक्षकाचा तळहात गुडघ्यावर असतो, गुडघा जराही हलला की "परत". झटका देऊन पोचलेलं माप धरत नाहीत, तिथं क्षणभर थांबावं लागतं. ही गोष्ट रोज दहा मिनिटांत दोन महिन्यांत हमखास सुधारते. बाकी कशाची मी एवढी खात्री देणार नाही.

८०० मीटर शेवटी असतं आणि पोरं तिथंच हरतात. पहिले २०० मीटर शर्यतीसारखे पळतात, तिसऱ्या २०० ला चालायला लागतात. समजा लक्ष्य ३ मिनिटं २० सेकंद, तर प्रत्येक २०० मीटर ५० सेकंदांत. मैदानावर दोरीनं २०० मीटरचा फेरा आखा आणि दर फेरीला वेळ ओरडून सांगा. पहिला फेरा ४२ मध्ये आला तर कौतुक करू नका, थांबवा.

आठवड्यातून तीन दिवस ८०० मीटर, तीन दिवस उड्या आणि शटल, एक दिवस सुट्टी. एवढं पुरे.

चौथी_लेन

मास्तरांचं बाकी सगळं पटलं, शेवटची ओळ नाही. ११ वर्षांच्या मुलीला आठवड्यातून तीनदा पूर्ण ८०० वेळ लावून पळवलं तर महिन्याभरात नडगी धरेल, तेही मुरमावर. पूर्ण ८०० दहा दिवसांतून एकदा. बाकीच्या दिवशी २०० चे चार तुकडे ठरल्या वेगात, मध्ये दोन मिनिटं चालणं. आणखी एक दिवस पंचवीस मिनिटं गप्पा मारता येतील एवढ्या संथ गतीनं पळणं. शेवटचे पाच दिवस फक्त हलकं अंग मोकळं करणं.

उड्यांचंही तसंच. एका दिवशी पूर्ण ताकदीच्या उड्या पंधरा-वीस, त्यापुढं नाही. दमल्यावर मारलेली उडी चुकीची सवय लावते.

चाचणीच्या दिवशी तीन तास आधी पोळी-भाजी किंवा पोहे, मग केळं. दूध नको, नवे बूट तर अजिबात नकोत. गावाकडची मुलं निवडीला म्हणून कोरे बूट घालून येतात आणि शटलच्या तिसऱ्या वळणाला टाच सोलून बसतात. आणि उन्हात रांगेत दोन-दोन तास जातात. टोपी, पाण्याची बाटली, आणि नंबर यायच्या दहा मिनिटं आधी पुन्हा अंग तापवणं. सकाळी सातला केलेला वॉर्मअप अकराच्या चाचणीला कामाचा नाही.

खेळाबद्दल. सगळे खेळ सगळ्या केंद्रांवर नसतात. अमरावती तिरंदाजीसाठी, अकोला बॉक्सिंगसाठी ओळखलं जातं. अर्ज भरताना कुठल्या केंद्रावर काय आहे ते पाहा. पळते म्हणून ॲथलेटिक्सच, असा हट्ट धरू नका. पॅरिसला २०२४ मध्ये कांस्य मिळवणारा स्वप्नील कुसाळे राधानगरीकडचा. तो २००९ मध्ये प्रबोधिनीत गेला, वर्षभर नुसती शारीरिक तयारी झाली आणि मग त्यानं नेमबाजी निवडली. साताऱ्याचा प्रवीण जाधवही धावपटू म्हणून आत गेला आणि तिरंदाज होऊन टोकियो ऑलिंपिकला पोचला. जिम्नॅस्टिक्ससारख्या खेळाला अकरावं वर्ष उशिराचं आहे. तिरंदाजी, नेमबाजी, बॉक्सिंग, वेटलिफ्टिंग इथं ते अगदी वेळेवर आहे. उंच मुलगी, लांब हात असतील तर प्रशिक्षक स्वतःच दुसरीकडं वळवू शकतात. तिथं नाही म्हणू नका.

कागदवाली_ताई

मैदानावर पास आणि टेबलावर नापास, असं दरवर्षी होतं. म्हणून क्रम सांगते.

जन्मदाखला, आधार आणि शाळेचं बोनाफाईड हे तीन कागद आज रात्री शेजारी शेजारी ठेवा. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख, चारही गोष्टी तिन्हींवर अक्षरशः सारख्या हव्यात. इंग्रजी स्पेलिंगसुद्धा. आपल्याकडं शाळेत घालताना १ जून लिहायची जुनी खोड आहे आणि ग्रामपंचायतीत खरी तारीख वेगळी असते. असं असेल तर जन्मदाखला धरा आणि शाळेतली नोंद दुरुस्त करून घ्या. जनरल रजिस्टरमधली दुरुस्ती मुख्याध्यापकांमार्फत शिक्षण विभागाच्या मंजुरीनं होते आणि मूल शाळेत असेपर्यंतच सोपी असते. दाखला काढल्यावर चपला झिजतात. आधारची दुरुस्ती सगळ्यांत शेवटी, जन्मदाखल्यावरून.

जन्मदाखल्यावर नोंदणीची तारीखही पाहा. जन्मानंतर बऱ्याच वर्षांनी केलेली नोंद असेल तर वयाबद्दल शंका घेतली जाते. वय पडताळणीसाठी डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांची वाढ तपासायची पद्धत आहे. वय कमी दाखवलेलं असेल तर ते तिथं उघडं पडतं, आणि मग नुसती जागा जात नाही, पुढच्या स्पर्धांनाही अडचण येते.

याशिवाय मागच्या वर्षाचं गुणपत्रक, रहिवासी दाखला, वैद्यकीय प्रमाणपत्र, सात-आठ फोटो. मूळ प्रती एका फाईलमध्ये, साक्षांकित झेरॉक्सचे दोन संच वेगळे. मूळ प्रत दाखवायची, देऊन यायची नाही. जिल्ह्याची चौथ्या क्रमांकाची नोंदही जोडा. गुण मिळोत न मिळोत, ती मैदानावर असते हे दिसतं.

आता ते पाच हजार. सरळ प्रवेशाला चालतात ती क्रीडा संचालनालयाच्या शालेय स्पर्धांची, म्हणजे १४, १७, १९ वर्षांखालील गटांची, किंवा मान्यताप्राप्त संघटनेच्या अधिकृत स्पर्धांची प्रमाणपत्रं. "ओपन नॅशनल" नावाखाली पैसे घेऊन भरवलेल्या स्पर्धांना नावात राष्ट्रीय असतं, पण मागं मान्यता नसते. प्रमाणपत्र पडताळणीला गेलं की तिथंच अडकतं. साधी ओळख: जिल्हा, विभाग न खेळता थेट राष्ट्रीयला नेत असतील तर ती स्पर्धा तुमच्या कामाची नाही. शंका असेल तर प्रमाणपत्राचा नमुना जिल्हा क्रीडा कार्यालयात दाखवून विचारा, पैसे भरायच्या आधी.

माणदेशी_पालक

मास्तर, ताई, दादा, सगळ्यांचे आभार. कागद काढून बघितले. शाळेत १ जूनच निघाली, दाखल्यावर १९ ऑगस्ट. सोमवारी मुख्याध्यापकांकडं जातो. अजून दोन शंका. निवड झाली तर शाळेचं काय, आणि पुढं खेळ जमला नाही तर परत पाठवतात का? शिवाय धाकटा नऊ वर्षांचा आहे, कुस्ती खेळतो. त्याच्यासाठी काही?

कागदवाली_ताई

शिक्षण केंद्राजवळच्या शाळेत होतं. राहणं, जेवण, शिक्षण, किट, प्रशिक्षण यांचा खर्च शासन करतं. माध्यम आणि वर्ग कुठला मिळणार ते त्या केंद्रावर विचारा. अंतिम यादीत नाव छापून येईपर्यंत इथला शाळा सोडल्याचा दाखला काढू नका. विभागाच्या चाचणीत निवड झाली म्हणून घाईनं दाखला काढला आणि राज्याच्या यादीत नाव नाही, मग पोर अधांतरी. जाताना युडायसवरचा (शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीतला) पेन क्रमांक, म्हणजे मुलीचा कायमचा विद्यार्थी क्रमांक, लिहून घ्या, नव्या शाळेत तो लागतो.

परत पाठवतात, हो. दरवर्षी मूल्यमापन होतं आणि प्रगती नसेल तर प्रवेश रद्द होतो. म्हणून गावच्या शाळेशी वाकडं घेऊन जाऊ नका.

चौथी_लेन

धाकट्यासाठी सैन्याची बॉईज स्पोर्ट्स कंपनी बघा, म्हणजे मुलांना ठेवून घेऊन शाळा आणि खेळ शिकवणारं केंद्र. पुण्याला आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आहे, कुस्तीसाठी बेळगावचं मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्रही आहे. वय साधारण ८ ते १४. म्हणजे घाई नाही, चौथी पास होऊ द्या. तिथं अंगावर गोंदण चालत नाही, एवढं जत्रेत लक्षात ठेवा. आणि पालकांकडून लेखी संमती घेतात की वय झाल्यावर मुलगा सैन्यात भरती होईल. घरात आधी ते बोलून घ्या, फॉर्म नंतर.

मुलीचं प्रबोधिनीत नाही जमलं तर भारतीय क्रीडा प्राधिकरणाची केंद्रं आहेत, कांदिवलीला आणि छत्रपती संभाजीनगरला. त्यांच्या कीर्ती योजनेत ९ ते १८ वयोगटाची चाचणी होते. तयारी बरीचशी हीच, कागदही हेच.

शिट्टी_मास्तर

८०० मीटरबद्दल चौथी_लेन यांचं बरोबर, माझं वेळापत्रक मोठ्या मुलांचं होतं. लहान मुलीला त्यांचंच लावा. आणि तो २०० मीटरचा फेरा पावलांनी मोजू नका. तलाठ्याची किंवा गवंड्याची ३० मीटरची टेप मागून घ्या. फेरा पाच मीटरनं आखूड निघाला तर ८०० ला वीस मीटर कमी पळते आणि चाचणीत वेळ चार-पाच सेकंदांनी वाढलेली दिसते.