चिनी विज्ञानकथेची परंपरा: लिऊ त्सिशिन यांच्याआधी काय होते?

प्रश्न (वाचक, म्हापसा): आमच्या वाचक मंडळात पुढील महिन्यात चिनी विज्ञानकथेवर मला बोलायचे आहे. लिऊ त्सिशिन यांच्या ‘थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ला २०१५ मध्ये विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला, एवढे ठाऊक आहे; परंतु अशी कादंबरी एकाएकी उगवली असेल, हे पटत नाही. तिच्यामागची परंपरा जाणकारांनी कृपया सांगावी.

उत्तर (फोंडा): आरंभ भाषांतरापासून करावा. जपानमध्ये शिकत असताना, पुढे थोर चिनी लेखक म्हणून गाजलेल्या लू शुन यांनी १९०३ मध्ये फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न यांची चंद्रप्रवासाची कादंबरी जपानी भाषांतरावरून चिनीत आणली आणि विज्ञान लोकांपर्यंत नेण्यास कथेसारखे साधन नाही, असे प्रस्तावनेत आग्रहाने मांडले. मूळ लेखक अमेरिकन आहे असा त्यांचा समज होता, इतकी ती वाट आडवळणाची होती. ‘केरळ कोकिळ’ मासिकातून व्हर्न मराठीत आले तेही त्याच सुमारास, हे सभेत अवश्य सांगा. पुढे १९३२ मध्ये चिनी कादंबरीकार लाओ श यांनी मंगळावरील मांजरांच्या राज्याची कथा लिहून आपल्याच समाजावर कठोर टीका केली.

उत्तर (मडगाव): १९४९ नंतर विज्ञानकथा मुख्यतः मुलांसाठीच्या विज्ञानप्रसारात मोडू लागली, आणि पुढच्या साऱ्या अडचणींचे मूळ मला तेथेच दिसते. सांस्कृतिक क्रांतीनंतर, १९७८ पासून, ती पुन्हा बहरली; पण ती प्रौढांसाठी लिहिली जाऊ लागताच विज्ञानवादी टीकाकार तिच्यातील चुका काढू लागले, साहित्यिक तिला आपली मानीनात, आणि १९८३ च्या ‘आत्मिक प्रदूषण’विरोधी, म्हणजे पाश्चात्त्य उदारमतवादी विचारांविरुद्धच्या सरकारी मोहिमेत तिची पुरती कोंडी झाली. छंगदू शहरात १९७९ मध्ये निघालेले एक मासिक मात्र तगले. त्याने १९८६ पासून ‘आकाशगंगा’ पुरस्कार देऊन नवे लेखक घडवले, १९९१ मध्ये ‘विज्ञानकथा विश्व’ असे नाव घेतले आणि लिऊ यांची ही कादंबरी २००६ मध्ये क्रमशः छापली. पुस्तक २००८ मध्ये निघाले. दिवाळी अंकांतून विज्ञानकथा वाचत वाढलेल्या आपल्या श्रोत्यांना मासिकाचे हे मोल लगेच उमगेल.

प्रश्नकर्ती: मनःपूर्वक आभार. व्याख्यानाचा मध्य मी त्या मासिकालाच देईन. चीनबाहेरील चिनी लेखनाचे काय?

उत्तर (फोंडा): ते वगळू नये. हाँगकाँगमध्ये नी ख्वांग १९६३ पासून एका दैनिकात साहस आणि परग्रहवासी यांची सांगड घालणारी मालिका लिहीत होते. चीनच्या मुख्य भूमीवर विज्ञानकथेवर बंधने असतानाच्या काळातही ती मालिका हाँगकाँगमधील सामान्य वाचक रोजच्या वर्तमानपत्रात वाचत होता.