वर्कशॉपमध्ये तीन पोट्टे घ्यायचे आहेत, सरकारी प्रोत्साहन कसं मिळवायचं?

प्रश्न (टू-व्हीलर वर्कशॉप, वाडी): पटावर 24 जण, पीएफ चालू. दोन आयटीआयवाले आणि एक वॉशिंगला घ्यायचा आहे. प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजनेत मालकाला माणसामागे महिन्याला 3,000 मिळतात म्हणे. दुसरं, 28 टक्के जीएसटी भरून घेतलेले ब्रेक शू, क्लच प्लेट अजून रॅकवर आहेत, आता दर 18 टक्के झाला. फरक परत मिळतो का?

पीएफ सल्लागार, धंतोली: भाऊ, 3,000 सरसकट नाहीत. रक्कम पीएफच्या पगारावर, म्हणजे बेसिक अधिक डीएवर (महागाई भत्त्यावर) ठरते. 10,000 पर्यंत पगाराच्या प्रमाणात, जास्तीत जास्त 1,000. 10,001 ते 20,000 ला 2,000. त्यावर एक लाखापर्यंत 3,000. बेसिक 9,000 दाखवलं तर तुमचा साधारण 13 टक्के वाटा होतो 1,170 आणि मिळतात 900. बेसिक 12,000 धरलं तर वाटा 1,560, मिळतात 2,000. बेसिक दाबून पीएफ वाचवायची सवय इथे अंगलट येते. त्यात पोराचंही नुकसान आहे, कारण पहिल्यांदाच पीएफमध्ये येणाऱ्याला मिळणारी एका महिन्याच्या पीएफ पगाराइतकी रक्कम (कमाल 15,000, दोन हप्त्यांत) त्याच आकड्यावर निघते.

50 पेक्षा कमी माणसं असली तर किमान दोन वाढली पाहिजेत आणि सहा महिने टिकली पाहिजेत. बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. तुम्ही 24 चे 27 केले, मधेच दोन जुने मेकॅनिक सुटले आणि जागा भरली नाही, की वाढ उरली एकाची. म्हणून जुन्यांना आधी सांभाळा. 1 ऑगस्ट 2025 ते 31 जुलै 2027 मध्ये लागलेलेच धरतात, मालकाला पैसे दोन वर्षं.

पेरोल बघणारा, हिंगणा रोड: यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) उमंग अ‍ॅपवर चेहरा दाखवूनच काढा. आधारवरचं नाव, जन्मतारीख आधी जुळवून घ्या. ईसीआर (पीएफचं मासिक चलन-विवरण) दर महिन्याच्या 15 तारखेच्या आत. तुमचे पैसे पॅनला जोडलेल्या खात्यात येतात, पोराचे आधार जोडलेल्या खात्यात. अप्रेंटिस म्हणून घेतलेला पोट्टा पीएफमध्ये येत नाही, तो या वाढीत मोजू नका.

स्पेअर पार्ट, सेंट्रल अव्हेन्यू: रिफंड नाही, पण खरेदीवर भरलेल्या कराचं घेतलेलं क्रेडिट बुडत नाही. 1,000 च्या मालावर 280 भरले, तो 1,200 ला विकला तर 18 टक्क्यांनी कर 216. उरलेले 64 लेजरमध्ये राहतात, लेबरच्या बिलावरच्या जीएसटीत वळते करा. अडकले ते कार विकणारे, त्यांनी भरलेल्या सेसचं (जीएसटीवरच्या जादा कराचं) क्रेडिट जीएसटीला लागत नाही.

प्रश्नकर्ता: वॉशिंगवाल्याचा आधीच्या सिक्युरिटीच्या नोकरीतला यूएएन आहे. तो चालेल का?

पीएफ सल्लागार, धंतोली: तुमच्या वाढीत तो धरला जातो. त्याला स्वतःला 15,000 वाला लाभ नाही. जुनाच यूएएन लावा, दुसरा काढू नका.