सेल्फ मारला की नुसतं टक्! पिकअपचे किस्से सांगा राजेहो

धुऱ्यावरून
आज पहाटे शेजारच्या आवारातून गाडीच्या सेल्फचा, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरचा, आवाज आला. टक्. थोडं थांबून परत टक्. मी अंथरुणातच उठून बसलो. बायकोनं विचारलं, काय झालं? म्हटलं, शेजाऱ्याच्या गाडीची अर्थिंग गेली, म्हणजे बॅटरीच्या मायनसकडं करंट परत जायचा रस्ता. ती कूस बदलून झोपली, मला काही झोप आली नाही.

२०१८ चा नोव्हेंबर. आंबिया बहाराची संत्री, वरुडहून नागपूरच्या कळमना मंडईत चाललो होतो. काटोलला चहासाठी गाडी बंद केली, हीच चूक. चाबी फिरवली तर टक्. हेडलाइट मात्र लख्ख. टपरीवरच्या सगळ्यांचं एकच मत, बॅटरी गेली. आता गंमत अशी की दिवाळीच्या आधी हेच झालं म्हणून मी साडेपाच हजारांची नवी कोरी बॅटरी बसवली होती. पंधरा दिवसही झाले नव्हते! सहा जणांनी धक्का मारला, दुसऱ्या गिअरवर क्लच सोडला तेव्हा कुठं घेतली. मग कळमन्यापर्यंत इंजिन बंद केलंच नाही, लघवीलाही नाही उतरलो.

दुसऱ्या दिवशी गावचे म्हातारे मिस्त्री. त्यांनी बॅटरीला हातच लावला नाही. व्होल्ट मोजायच्या मीटरची एक वायर बॅटरीच्या मायनसवर, दुसरी थेट इंजिनच्या लोखंडावर, आणि मला म्हणाले, मार सेल्फ. टक्. मीटरवर साडेचार व्होल्ट. म्हणे, इथं शून्याच्या जवळ पाह्यजे. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं की समजायचं, रस्त्यात चोर हाय.

मग गाडीखाली आडवे झाले. गिअरबॉक्सवरून चेसिसला एक विणलेली तांब्याची पट्टी जाते, ती चिखलात इतकी माखलेली की मला वाटलं गाडीचाच भाग आहे. बोल्ट खोलला तर खाली हिरवं हिरवं. घासकागद मारला, चिंचेनं घासलेल्या गडूसारखं तांबं निघालं. परत आवळलं. अर्ध्या चाबीत गाडी सुरू. मिस्त्रीनं दोनशे घेतले अन् वर चहा.

हेडलाइट का लागत होते हे त्यांनीच सांगितलं. दोन दिव्यांना दहाएक अँपिअर लागतात, डिझेल गाडीचा सेल्फ दोनशेच्या आसपास खेचतो. आणि दिव्यांची अर्थिंग तर सरळ चेसिसला, त्या पट्टीशी त्यांचा संबंधच नाही.

तुमचे अनुभव येऊ द्या.

तर्री
एकच टक् की टकटकटकटक? आधी ते सांगा. दोन्ही बिमाऱ्या वेगळ्या.

धुऱ्यावरून
एकच.

आयटीआयचा पोट्टा
बरोबर हाय तर्रीभौ. टकटकटक म्हणजे बहुतेक बॅटरी उतरली नाहीतर टर्मिनल सैल. सोलेनॉइड, म्हणजे सेल्फवरचा चुंबकाचा स्विच, ओढते, व्होल्टेज पडते, सोडते, परत ओढते. एकच जोरदार टक् असेल तर सोलेनॉइडनं काम केलं, पण मोटर फिरली नाही. मग कार्बन, म्हणजे मोटरीला आत करंट देणारे ब्रश, झिजले, आतले पॉइंट जळाले, नाहीतर काकांसारखी अर्थिंग. भरलेली बॅटरी उभ्या गाडीत १२.६ दाखवते. सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली गेली की तिच्यावर संशय घ्यायचा. गाडी चालू असताना चौदाच्या आसपास नसेल तर चार्जिंग पाहा, नाहीतर नवी बॅटरी पण झोपते.

तर्री
सर परीक्षा केव्हा हाय 😂

सुनबाई
भाकरी थापता थापता लिहितेय, चुका पोटात घाला. आमच्याकडे हे रोज सकाळी चाबी मारायचे आणि गाडीला शिव्या द्यायचे. मी ओट्यावरून खिडकीतून पाहायची. गाडीचं तोंड गोठ्याच्या भिंतीकडे, लाइट चालूच. चाबी मारली की भिंतीवरचा उजेड कंदील विझावा तसा पिवळा होऊन जायचा. म्हटलं अहो, उजेड मंदावतो म्हणजे बॅटरीच कमी पडतेय, तिचं नाक तरी पाहा. झाकण काढलं तर टर्मिनलवर पांढरा कापूस फुटलेला! गरम पाण्यात खायचा सोडा टाकून ओतला, फसफसून सगळं गेलं. आवळून वर व्हॅसलीन चोपडलं. अजून चालू आहे. सासरे गावभर सांगतात की मुलानं शोधून काढलं.

कुकर झाला, येते.

तर्री
वहिनी तुमी गॅरेज टाका

बुलढाण्याचा
काटोलच्या कोणत्या टपरीवर थांबला होता? बसस्टँडजवळच्या का? तिथलं पोहा-तर्री एक नंबर.

तर्री
कोणी बोलावलं का मले

धुऱ्यावरून
चहाच घेतला होता बाप्पा, जीव कुठं ठिकाणावर होता.

पऱ्हाटी
आमच्या बाबांनी तीन वर्षं गाडी कधी सपाट जागेवर लावली नाही. कालव्याची पाळ, जिनिंगचा रॅम्प, देवळापुढचा उतार. लग्नाला गेलो तरी आधी उतार शोधायचे, मग मांडव. आम्हाला वाटायचं त्यांची सवय आहे. ते गेल्यावर गाडी माझ्याकडे आली, पहिल्याच दिवशी अंगणात लावली आणि सकाळी टक्. सेल्फ काढून नेला तर कार्बन झिजून नखाएवढे उरलेले. तीनशेत काम झालं. बाबांना कोणी सांगितलंच नाही, की सांगितलं होतं आणि त्यांनी पैसे वाचवले, कोणास ठाऊक. मी पण अजून उतारावरच लावतो.

सुनबाई
😔 दादा.

वणीकर
कार्बनचं खरं आहे. झिजले असले की सेल्फच्या अंगावर पान्यानं हलके टोले दिले तर एखादवेळ घेते. एक जण चाबी धरून बसणार, दुसरा खाली टोले देणार. पण ते फक्त घरी पोचण्यापुरतं. माझ्याकडे दोन महिने सीटखाली पाना आणि विटेचा तुकडा असायचा.

गावठी इंजिनियर
मी टोले दिले नाही, डायरेक्ट केलं. पेचकसानं सोलेनॉइडचे दोन नट जोडले. मोठा शहाणा. गाडी पहिल्या गिअरमध्ये होती. सुरू पण झाली आणि निघाली पण. माझा पाय वाचला, मामाचं फाटक नाही वाचलं. न्यूट्रल अन् हँडब्रेक पाहिल्याशिवाय गाडीखाली जाऊ नोका. आणि सरळ गाडीखाली डायरेक्ट करूच नोका.

तर्री
मामा बोलतात का आता

गावठी इंजिनियर
तान्ह्या पोळ्याला पोरगं लाकडी बैल घेऊन गेलं तर बोजारा, म्हणजे खाऊला पैसे, देतात. मले नाही.

वणीकर
बैल बरे होते, टक् तरी नव्हते करत.

परतवाडा पॉइंट
मी ट्रकवाल्याकडून जंप घेतला, म्हणजे त्याच्या बॅटरीला वायरी जोडून माझी गाडी सुरू करायला गेलो. दहाचाकी, म्हणजे २४ व्होल्ट, दोन बॅटऱ्या एकामागे एक. आपली गाडी १२ ची. धूर निघाला, मीटरचे दिवे गेले, टेपरेकॉर्डर गेला. ट्रॅक्टर १२ चा असतो, त्याच्याकडून घ्या. लाल आधी, आणि काळी वायर शेवटी, ती पण मेलेल्या बॅटरीवर नाही, इंजिनच्या लोखंडाला.

सुगीत
माझ्याकडे टक् पण नाही. काहीच नाही. शेडमध्ये तुरीचे पोते आणि गाडी एकत्र, उंदरांनी सोलेनॉइडची बारीक वायर खाल्ली. मोठ्या वायरला दात पण लावला नाही मेल्यांनी. यंदा तुरीला काय भाव लावून राह्यले अमरावतीत?

बुलढाण्याचा
भावाचं विचारू नका, धागा वेगळ्या वळणावर जाईल.

आयटीआयचा पोट्टा
उन्हाळ्याचं कोणी लिहिलं नाही. आपल्याकडं पारा ४५ च्या वर जातो, बॅटरीतलं पाणी उडते, प्लेटा उघड्या पडतात. मार्चमध्ये झाकणं खोलून डिस्टिल्ड वॉटर टाका. बोअरचं नोको, क्षार जातात. सीलबंदवाल्याला टाकता येत नाही, ती थंडीच्या पहिल्या सकाळी रंग दाखवते.

धुऱ्यावरून
आत्ताच शेजाऱ्याकडून आलो. मीटर घेऊन मोठ्या तोऱ्यात गेलो होतो. म्हटलं बॅटरी आणायला जाऊ नका, पैसे वाचवतो तुमचे. मायनस ते इंजिन लावलं, मार म्हटलं सेल्फ. टक्. मीटरवर ०.१. अर्थिंग ठणठणीत! मग बॅटरीवर लावलं. उभ्या गाडीत ११.३, सेल्फ मारला की सहा. पाच वर्षांची बॅटरी, सहापैकी दोन खाने कोरडे ठाक. इतकी मेलेली असली तर टकटकटक करायलाही दम उरत नाही, एक टक् करते आणि गप्प. तालुक्याला त्यांच्याच मोटरसायकलवर मागं बसून बॅटरी आणायला चाललो आता.

सुनबाई
आणि ताईंना सकाळी काय सांगितलं होतं तुम्ही?

धुऱ्यावरून
तिनं ऐकलंच नाही, झोपेत होती.

तर्री
मी पाठवतो त्यांना लिंक