प्रभागाचा जाहीरनामा मतदारांकडूनच लिहून घ्यायचा आहे. कोणती साधने, कशी वापरावीत?

प्रभागकार्यकर्ता:
नगरपरिषद निवडणुकीत एका अपक्ष उमेदवाराचा प्रचार सांभाळतोय. मतदार साधारण ४०००, हातात सहा आठवडे. जाहीरनामा चार जणांनी बंद खोलीत लिहिण्याऐवजी लोकांनी मुद्दे सुचवावेत, त्यांवर मत द्यावे असा विचार आहे. गूगल डॉक्सवरचा मसुदा लिंक असणाऱ्या कोणालाही बदलता येईल असा खुला ठेवावा का? की व्हॉट्सॲप ग्रुपवर पोल घेतले तरी पुरेल?

तक्तेवाला:
मसुदा तसा खुला ठेवू नका. लॉगिन न करता आलेला माणूस तिथे निनावी दिसतो. कोणी परिच्छेद उडवला तर जुनी आवृत्ती परत आणता येते, पण उडवला कोणी हे कळत नाही. मसुद्यावर फक्त टिप्पणीची परवानगी द्या, तीही गल्लीगल्लीतल्या १५-२० जाणत्या माणसांना. बाकीच्यांसाठी गूगल फॉर्म.

फॉर्ममध्ये सहाच्या वर प्रश्न नकोत. पहिला प्रश्न वस्तीचा, आणि तो यादीतून निवडायचा. टाइप करायला लावलेत तर एकच गल्ली पाच प्रकारे लिहिली जाते आणि पुढची मोजणी बिघडते. दुसरा विषयाचा: पाणी, गटार, रस्ता, दिवे, कचरा, इतर. मग अडचण नेमकी कुठे (जवळची खूण), काय व्हायला हवे, आणि मोबाइल नंबर, तोही ऐच्छिक. फोटो अपलोडचा प्रश्न टाळा. तो टाकला, किंवा ‘एकाने एकदाच उत्तर द्यायचे’ ही मर्यादा लावली, की फॉर्म गूगल लॉगिन मागतो आणि बरेच जण तिथूनच परत फिरतात. शिवाय एका घरात एकच फोन असेल तर सासू-सुनेला वेगवेगळी उत्तरे देता येत नाहीत. फोटो व्हॉट्सॲपवर मागवा. उत्तरांचा गोषवारा भरणाऱ्यांना दाखवण्याची सेटिंग बंद आहे ना, हेही तपासा. ती चालू राहिली तर इतरांनी लिहिलेला मजकूर, नंबरसकट, सगळ्यांना दिसतो.

आता सगळ्यात महत्त्वाचे. उत्तरांची मूळ शीट खाजगी ठेवा आणि लोकांसाठी दुसरी, फक्त पाहता येईल अशी शीट करा. तिच्यात नाव-नंबर नको. रकाने पाच: अनुक्रमांक, वस्ती, सूचना, काम कोणाचे, निर्णय. ‘काम कोणाचे’ हा रकाना भरताना निम्मा जाहीरनामा आपोआप गाळला जातो, कारण वीजपुरवठ्याची तक्रार महावितरणकडे जाते आणि राज्यमार्गावरचा खड्डा सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. नगरसेवक तिथे पाठपुरावा करू शकतो, काम करून देण्याचे वचन देऊ शकत नाही. ‘निर्णय’ या रकान्यात ‘घेतली’ किंवा ‘घेतली नाही’, आणि नाही म्हटले तर एका ओळीत कारण. हा रकाना दर दोन-तीन दिवसांनी भरत गेलात तरच सूचना येत राहतात. आपल्या सूचनेचे काय झाले हे दिसले नाही की माणूस दुसऱ्यांदा फॉर्म उघडत नाही, शेजाऱ्यालाही पाठवत नाही. रोज तासभर देणारा एक माणूस फक्त यासाठी नेमा. तो मिळत नसेल तर हा उपक्रम सुरूच करू नका, कारण विचारून गप्प बसणे हे न विचारण्यापेक्षा जास्त लागते.

मतपेटी:
ग्रुपवरच्या पोलबद्दल. कोणी काय निवडले ते ग्रुपमधल्या प्रत्येकाला नावासकट दिसते. अमक्या रस्त्याच्या अतिक्रमणावर कोणीही खरे मत देणार नाही. पर्यायही जास्तीत जास्त १२. ‘पार्क आधी की वाचनालय’ एवढ्यापुरता पोल ठीक. आणि साध्या ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, त्यामुळे बऱ्याच बायका त्यात येत नाहीत.

वादाच्या विषयांसाठी पोल.इस (Pol.is) नावाचे ऑनलाइन मुक्त साधन पाहा. तैवानमध्ये २०१५ साली उबरच्या नियमांवरची चर्चा त्यावरच झाली. लोक छोटी विधाने लिहितात, इतर जण सहमत, असहमत किंवा पुढे एवढेच निवडतात. उत्तर देण्याची सोयच नसल्याने भांडण पेटत नाही आणि वेगवेगळ्या गटांना मान्य असलेले मुद्दे वेगळे दिसतात. सुरुवातीला स्वतःची १०-१५ विधाने घाला, नाहीतर पहिल्या माणसाला रिकामे पान दिसते. एका विधानात एकच गोष्ट हवी. ‘रस्ता रुंद करा आणि झाडे वाचवा’ असे लिहिले तर मत कशावर पडले ते कळत नाही.

नियमावली:
दोन गोष्टी राहिल्या. तुमची निवडणूक राज्य निवडणूक आयोगाच्या अखत्यारीत येते. आचारसंहिता, जाहिरातींची पूर्वपरवानगी आणि खर्चाचे हिशेब यांबाबत त्यांचेच आदेश पाहा, लोकसभेच्या वेळचे परिपत्रक धरून चालू नका. फॉर्मच्या लिंकची पैसे देऊन जाहिरात केलीत तर तो प्रचारखर्च समजून पहिल्या दिवसापासून नोंदवा.

दुसरे, मतदार ओळखपत्राचा क्रमांक, जात किंवा ‘मत कोणाला देणार’ असले काही फॉर्ममध्ये विचारू नका. नंबर कशासाठी घेताय ते फॉर्मच्या वरच लिहा आणि त्याच कामासाठी वापरा. ज्याने गटाराबद्दल लिहिले त्याला न विचारता प्रचाराच्या ग्रुपमध्ये ओढू नका.

प्रभागकार्यकर्ता:
आभार. स्मार्टफोन नसलेल्यांचे काय? आमच्याकडे वयस्कर मंडळी बरीच आहेत.

तक्तेवाला:
घरभेटीला जाणाऱ्या कार्यकर्त्याने त्यांच्यासमोर तोच फॉर्म भरायचा, त्यांच्याच शब्दांत. त्यासाठी ‘कोणी भरला’ हा एक प्रश्न वाढवा. आणि लोकांची शीट दर आठवड्याला छापून रेशन दुकान किंवा किराणा दुकानात मालकाला विचारून लावा, ठळक अक्षरात. कागदावर मुद्रक-प्रकाशकाचे नाव घालायला विसरू नका.