पोर्फिरिन एमओएफ: कॅटॅलिस्ट खरंच पुन्हा वापरला जातोय हे कसं ठरवायचं?

मृदगंध_सोलापूर
नमस्कार. पीएचडीचं दुसरं वर्ष, लहान लॅब. पीसीएन-२२२ हा एमओएफ, म्हणजे झिर्कोनियमच्या गाठी आणि पोर्फिरिन (मधोमध धातू धरणारे कड्यासारखे रेणू) यांचा सच्छिद्र सांगाडा. त्यात मँगनीज बसवून मी स्टायरीनचं इपॉक्सिडेशन करतेय, म्हणजे त्याच्या दुहेरी बंधावर ऑक्सिजन बसवून इपॉक्साइड बनवतेय. ऑक्सिडंट (ऑक्सिजन देणारं रसायन) आयोडोसिलबेंझीन, सॉल्व्हंट ॲसिटोनायट्राइल, रूम टेम्परेचरला रात्रभर ढवळत ठेवते. सकाळी गाळायचं, धुवायचं, वाळवायचं, पुन्हा तेच. प्रत्येक फेरीत जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफी) यील्ड नव्वद टक्क्यांच्या वर, एक्सआरडीचे (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासणं) पीकही जागच्या जागी. फिल्ट्रेशन टेस्टही केली: रिॲक्शन अर्ध्यात असताना कॅटॅलिस्ट गाळून काढला, पुढे द्रवात रिॲक्शन थांबली. त्यावरून धातू बाहेर पडत नाही असं लिहिलं, तर गाइड म्हणतात पटत नाही, नीट तपास. मलाही दोन गोष्टी सतावतात. गाळलेलं द्रव किंचित हिरवट पिवळं दिसतं आणि वाळवलेल्या पावडरचं वजन घातलं होतं त्याहून जास्त भरतं. कुणी यावर काम केलंय का?

निखारा
वजनाचं सोपं आहे. छिद्रांत सॉल्व्हंट अडकलंय. व्हॅक्यूम ओव्हनमध्ये १२० अंशांवर रात्रभर ठेवा, उतरेल.

पायरोल
मृदगंध, कृपा करून ती पावडर तापवू नका! निखारा, ताज्या एमओएफला तुमचा सल्ला बरोबर आहे, इथे तो धोक्याचा आहे. आयोडोसिलबेंझीन ॲसिटोनायट्राइलमध्ये जवळजवळ विरघळत नाही. न वापरलेलं सगळं कॅटॅलिस्टसोबत गाळणीवर बसतं, आणि कोरडं तापवलं तर त्याचा स्फोट होतो. वजन त्याचंच असणार. मिथेनॉलने धुवा, त्यात ते विरघळतं. मात्र त्यातलं काही आपोआप आयोडॉक्सीबेंझीन होतं. ते मिथेनॉलला दाद देत नाही आणि तापल्यावर तेही स्फोटक. त्यामुळे वापरलेली पावडर साध्या तापमानालाच वाळवा.

आता तुमची टेस्ट. गाळताना कॅटॅलिस्ट काढलात, पण त्याच गाळणीवर ऑक्सिडंटही राहिला. मग द्रवात मँगनीज असो की नसो, रिॲक्शन थांबणारच. ऑक्सिडंट घनरूप असला की ही टेस्ट दर वेळी 'पास' होते, आणि या विषयावर काम करणाऱ्यांनी याकडे दुर्लक्ष करावं याचं मला मनापासून वाईट वाटतं. गाळलेल्या द्रवात ताजं आयोडोसिलबेंझीन घाला, शेजारी कॅटॅलिस्टविना एक ब्लँक लावा, आणि मग इपॉक्साइड वाढतंय का बघा.

हिरवट रंगासाठी यूव्ही (द्रव कोणता प्रकाश शोषतं ते दाखवणारा स्पेक्ट्रम) घ्या. मँगनीज बसलेल्या पोर्फिरिनचा सोरे पट्टा (त्याचा सगळ्यात तीव्र शोषणपट्टा) ४७० ते ४८० नॅनोमीटरच्या दरम्यान येतो, धातू नसलेल्याचा ४२० च्या आसपास. हा पट्टा इतका तीव्र असतो की मायक्रोमोलर प्रमाणही लपत नाही. उलट बाजूही ध्यानात असू द्या: ऑक्सिडंट पोर्फिरिनचं कडंच फोडू शकतो, मग रंग जातो आणि मँगनीज द्रवात राहतं. म्हणून द्रव स्वच्छ दिसलं तरी आयसीपी (द्रवातला धातू मोजणारी चाचणी) चुकवू नका.

रात्रभर ढवळून मोजलेल्या यील्डवर माझा भरवसा नाही. रिॲक्शन दोन तासांत संपत असेल, तर अर्धा कॅटॅलिस्ट मेला तरी सकाळी नव्वद टक्केच दिसणार. सुरुवातीच्या वीस-तीस टक्के कन्व्हर्जनपर्यंतचा वेग प्रत्येक फेरीत मोजा. तो टिकला तर कॅटॅलिस्ट टिकला.

आणि मँगनीज न घातलेलं पीसीएन-२२२ ही एकदा लावून बघा. झिर्कोनियमच्या गाठी आम्लधर्मी असतात, इपॉक्साइडचं फिनाइलॲसिटाल्डिहाइड करू शकतात. जीसीवर तो पीक शोधा.

एवढा खटाटोप का, तर मूळ कल्पना फार सुंदर आहे. १९७९ मध्ये रसायनशास्त्रज्ञ ग्रोव्ह्ज यांनी आयर्न पोर्फिरिन आणि हेच आयोडोसिलबेंझीन घेऊन इपॉक्साइड बनवून दाखवलं. पण द्रावणात दोन रेणू एकमेकांना गाठतात आणि निकामी होतात. २०१२ मध्ये आलेल्या पीसीएन-२२२ च्या सांगाड्यात प्रत्येक कडं आपापल्या जागी जखडलेलं असतं, आणि ३.७ नॅनोमीटरच्या नळ्यांतून स्टायरीन सहज आत-बाहेर करतं.

मृदगंध_सोलापूर
पायरोल सर, ओव्हन टाळला. यूव्हीत ४७५ जवळ पट्टा आहे. ताजं ऑक्सिडंट घातल्यावर द्रवात इपॉक्साइड बनतंय, ब्लँकपेक्षा स्पष्ट जास्त. मग आता सगळा दावाच गेला का?

पायरोल
इतक्यात नाही. सांगाड्याला न जोडलेलं पोर्फिरिन बनवतानाच नळ्यांत अडकून राहतं, तेच आता बाहेर येत असेल. नवीन बॅच घ्या, जिला ऑक्सिडंटचा स्पर्शही झालेला नाही. गरम डीएमएफ सॉल्व्हंटने धूत राहा. डोळ्याला रंग दिसेनासा झाला म्हणून थांबू नका, धुवणातला सोरे पट्टा जाईपर्यंत धुवा. मग ॲसिटोनमध्ये भिजवून डीएमएफ काढा आणि फेऱ्या नव्याने सुरू करा. पट्टा पहिल्या फेरीत दिसून पुढे नाहीसा झाला तर ते अडकलेलं होतं. दर फेरीत तेवढाच येत राहिला तर सांगाडा सुटतोय, आणि मग एक्सआरडीचे पीक कितीही छान असले तरी प्रत्येक फेरीनंतर बीईटी (छिद्रांसकट पृष्ठफळ मोजणारी चाचणी) घ्यावं लागेल.