मेन कंत्राटदाराचं काम काढून घेतलं, माझ्या सेंटरिंग प्लेटा आत अडकल्या. काय करावं?

राजेहो, मदत पाहिजे. मी नागपुरात सेंटरिंगची (स्लॅबखाली प्लेटांचा साचा लावायची) पेटी कामं, म्हणजे मेन कंत्राटदाराच्या हाताखालची पोटकंत्राटं, घेतो. हिंगण्याकडे एका सरकारी वसतिगृहाच्या इमारतीवर होतो. मेन कंत्राटदाराने दोनदा मुदतवाढ घेतली, नोटिसांना उत्तर दिलं नाही. शेवटी गेल्या सोमवारी विभागाने करारातलं कलम तीन-सी लावून काम काढून घेतलं. उरलेलं काम दुसऱ्याकडून, जास्तीचा खर्च याच्या माथी. चूक त्याचीच होती, सिमेंट संपलं की माणसं आठ-आठ दिवस बिडी ओढत बसायची.

पण माझं काय? दुसऱ्या मजल्याचा स्लॅब टाकून २१ दिवस झाले. खाली माझ्या ४१० प्लेटा आणि जॅक तसेच उभे. १४ दिवसांनी खोलायचं होतं, पण पेमेंट अडलं म्हणून मीच हात आखडला, आणि तेवढ्यात हा आदेश. (इथे माझंही चुकलं, माहीत आहे.) आता गेटला कुलूप. कनिष्ठ अभियंता म्हणतात, मोजमाप होईपर्यंत खिळाही हलणार नाही. त्यात दोनशे प्लेटा भाड्याच्या, मीटर रोज पळतोय. कंत्राटदाराचा फोन बंद. माझ्याकडे त्याच्या शिक्क्याचं रेटचं साधं पत्र आणि व्हॉट्सअॅपवरचे मेसेज, बस.

माल कसा सोडवू? आणि झालेल्या कामाचे पैसे विभागाकडे मागता येतात का?

— — —

जुना मोजमापवाला: भाऊ, आधी माल. बी-१ च्या (सरकारी कामाच्या छापील कराराच्या) अटींप्रमाणे काम काढून घेतल्यावर कंत्राटदाराचं जागेवरचं सामान विभाग ताब्यात घेऊ शकतो, म्हणून तुमचं सामान त्याच्या खात्यात मोजलं जाण्याआधी हलायला हवं. कार्यकारी अभियंत्यांच्या नावे आज अर्ज द्या: प्लेटांची संख्या, भाड्याची चलनं, ताबा मागतो, आणि संयुक्त मोजमापाला मला हजर राहू द्या. पोच शिक्का मारूनच घ्या. प्लेटांवर काही खूण आहे का?

वकीलसाहेबांचा कारकून: पैशाचं सांगतो, कडू आहे. विभागाशी तुमचा करार नाही, म्हणून बिल मेन कंत्राटदाराकडूनच वसूल करावं लागेल. दिवाणी दाव्याला साधारण ३ वर्षांची मुदत असते. व्हॉट्सअॅपचे मेसेज पुसू नका. आणि पेटी काम देताना त्याने विभागाची लेखी परवानगी घेतली होती का? नसेल, तर अर्जात तुम्ही फक्त सामानाचे मालक म्हणून बोला. मजुरांची मजुरी मात्र वेगळी, ती कंत्राटदाराने बुडवली तर मुख्य मालकाकडे, म्हणजे इथे विभागाकडे, मागता येते. कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन या.

मी: परवानगी काही नव्हती, आमच्यात कोण घेतो जी. मजुरीचं ऐकून हायसं वाटलं, सात जणांची बाकी आहे. खूण आहे! माझ्या प्लेटांच्या कडेला हिरवा पट्टा, भाड्याच्यांना पिवळा ठिपका.

जुना मोजमापवाला: मग अर्जासोबत तेच फोटो जोडा, तारखेसकट.

मी: चौकीदार आत सोडत नाही. मागच्या भिंतीपाशी जिन्याची खिडकी उघडी आहे, पट्टा तिथून दिसतो. उद्या उन्हं चढायच्या आत फोटो काढतो, मग अर्ज.